लिनक्सवरच्या ग्नोम डेस्कटॉपच्या सेटिंग्ज ॲपमधला बग कसा सोडवायचा, छोटा पर्याय कसा घालायचा

सोर्स कोड सबमॉड्यूलसकट (आत जोडलेल्या दुसऱ्या रिपॉझिटरींसकट) उतरवा, मेसन आणि निंजा या साधनांनी बिल्ड करा. चाचणीसाठी मशीनवर वेगळं यूजर खातं काढा. सिस्टीममधलं सेटिंग्ज ॲप आधी पूर्ण बंद करा. ते उघडं असेल तर तुमचं बिल्ड चालवल्यावर तीच जुनी खिडकी समोर येते, आणि केलेला बदल दिसत का नाही हे शोधण्यात तास जातो.

'आधी सगळा कोड वाचून काढा' असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. टर्मिनलमध्ये डीकॉन्फ वॉच (साठवलेलं सेटिंग बदललं की दाखवणारी आज्ञा) लावा, त्यापुढे एक तिरकी रेघ (/), आणि बिघडलेला स्विच दाबा. घड्याळात वार दाखवण्याचा स्विच दाबलात की शेवटी 'क्लॉक-शो-वीकडे' असलेली ओळ उमटेल, खाली 'ट्रू' किंवा 'फॉल्स'. ओळ उमटली, पण वरच्या पट्टीतलं घड्याळ बदललं नाही, तर बग बहुधा सेटिंग्जमध्ये नाहीच. ती पट्टी दाखवणाऱ्या ग्नोम शेलकडे जा. ओळच उमटली नाही तर दोन शक्यता: स्विच कशालाच जोडलेला नाही, किंवा माहिती दुसरीकडे राहते. वायफायचं नेटवर्कमॅनेजर ही वेगळी सेवा बघते, यूजर खात्यांचं अकाउंट्ससर्व्हिस. किल्ली (सेटिंग ज्या नावाने साठवतात ते, जसं 'क्लॉक-शो-वीकडे') सापडली की तिचं नाव सोर्सच्या पॅनेल्स फोल्डरमध्ये शोधा. कुठल्या फाइलमध्ये काम आहे ते लगेच कळतं.

आता खरा अवघड टप्पा: पडद्यावरचं बटण आणि साठवलेली किंमत यांची जोडणी. साध्या स्विचसाठी जीसेटिंग्जचं (सेटिंग वाचण्या-लिहिण्याची ग्नोमची सोय) तयार बाइंड फंक्शन वापरा. एका ओळीत दोन्ही दिशांचं काम होतं. किंमत बाहेरून बदलली तरी स्विच आपोआप हलतो. तिथे स्वतःचा सिग्नल हँडलर (बदल झाल्याचा सिग्नल आला की चालणारं फंक्शन) लिहिण्याचं काहीही कारण नाही.

गोची होते ती यादीतून निवडायच्या पर्यायांत. पॉवर बटण दाबल्यावर काय व्हावं, याची यादी घ्या. मी माझ्या मशीनवर तिच्यात फेरफार करताना आधी सिग्नल जोडला, मग यादीत पर्याय भरले. यादी भरली की ग्नोमचं विजेट (यादी दाखवणारा पडद्यावरचा घटक) पहिला पर्याय स्वतःहून निवडतं. ही निवड यूजरने केलेली नाही, पण हँडलरला ते कसं कळणार? त्याने इमानदारीत 'सस्पेंड' लिहून टाकलं. मी 'काहीच करू नको' निवडून ठेवलं होतं, ते नुसतं पान उघडल्याने पुसलं गेलं. दोन दिवस मी लिहिण्याचा कोड तपासत होतो, आणि चूक क्रमात होती.

म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी यादी भरा, मग साठवलेली किंमत वाचून निवड लावा, आणि सगळ्यात शेवटी सिग्नल जोडा. बाहेरून बदल आल्यावर यादी ताजी करताना तो हँडलर तेवढ्यापुरता अडवा. मग न चुकता ही चाचणी करा: डीकॉन्फ वॉच चालू ठेवून पान उघडा, कशालाही हात न लावता बंद करा. एकही ओळ उमटता कामा नये. कुणाचं सेटिंग न विचारता बदलणं हा या ॲपमधला सगळ्यात वाईट बग आहे, कारण कधी बदललं हे माणसाला कळतच नाही.

नवी किल्ली हवी असेल तर ती आधी स्कीमात (किल्ल्या जाहीर करणाऱ्या फाइलमध्ये) घाला आणि स्कीमा कंपाइल करा. नसलेली किल्ली मागितली की ॲप जागच्या जागी कोसळतं.

स्क्रीनवरचा प्रत्येक मजकूर भाषांतरासाठी खूण करून ठेवा, आणि वाक्य तुकड्यांनी जोडू नका. मराठीत क्रियापद शेवटी येतं. तुकडे मिळाले तर मराठी भाषांतर करणाऱ्याला नीट वाक्य लिहिताच येत नाही.

नव्या पर्यायाबद्दल कोड लिहिण्याआधीच डिझाइन बघणाऱ्यांशी बोला. बगची दुरुस्ती आणि नवा पर्याय एकाच मर्ज रिक्वेस्टमध्ये (बदल मूळ कोडमध्ये घेण्याच्या विनंतीत) घालू नका. पर्यायावर चर्चा महिनोन्‌महिने चालू शकते, आणि तोवर दुरुस्तीही अडकून पडते.