मॅन पेज लिहायला बसण्याआधी

लिनक्सच्या यूजरफॉल्टएफडी या कॉलचं मॅन पेज, म्हणजे तो कसा वापरायचा ते सांगणारं माहितीपत्रक, लिहायला शनिवारी जळगावला माझ्याकडे बसायचं ठरलंय, तर कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) सोर्स घरूनच उतरवून आणा. गिटमधला, म्हणजे कोडच्या बदलांच्या नोंदवहीतला, अख्खा इतिहास काही जीबींचा आहे. तिघांनी एकदम ओढायला घेतला तर माझं नेट मान टाकेल. लॅपटॉप चार्ज करून आणा, लाइटीचा भरवसा नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये ६.८ किंवा पुढचं कर्नल बूट करून बघितलेलं असावं, कारण यूजरफॉल्टएफडीतली मेमरीचं पान हलवायची 'मूव्ह' ही सोय ६.८ मध्येच आली.

ज्याला विषय नवा आहे त्याच्यासाठी एवढंच: मेमरीचं पान जागेवर नसलं की एरवी कर्नल परस्पर निस्तरतो. यूजरफॉल्टएफडीत तो त्या थ्रेडला (प्रोग्रॅमच्या त्या धाग्याला) थांबवून आपल्या प्रोग्रॅमला निरोप धाडतो, पान तू आणून दे. चालू व्हर्च्युअल मशीन दुसऱ्या यंत्रावर नेताना हे कामी येतं. चोपड्याहून जळगावात बिऱ्हाड हलवताना माणसं आधी येतात, भांडीकुंडी लागतील तशी मागवतात, तसंच.

कोणती सोय कधी आली ते आठवणीवर लिहू नका. मूळ कॉल ४.३ मध्ये, २०१५ साली. राइट-प्रोटेक्ट (पानावर लिहिणं अडवायचं) ५.७, मायनर फॉल्ट (पान मेमरीत आहे, फक्त जोडलेलं नाही) ५.१३, पॉयझन (पान खराब अशी खूण करायची) ६.६. तरी प्रत्येक कमिट (नोंदवलेला बदल) गिटच्या टॅगशी, म्हणजे आवृत्तीच्या खुणेशी, ताडून बघा.

मशीनवर रूटशिवाय (सगळे अधिकार असलेल्या खात्याशिवाय) एक साधं खातं हवंच. ५.११ पासून कर्नलच्या मेमरीविषयीच्या (व्हीएम) सेटिंगांतल्या 'अनप्रिव्हिलेज्ड यूजरफॉल्टएफडी'ची मूळ किंमत शून्य आहे. साध्या खात्यानं 'यूजर मोड ओन्ली' फ्लॅग दिला नाही तर ईपर्म, म्हणजे 'परवानगी नाही' हा एरर मिळतो. रूटनं चाचणी केली की हे दिसतच नाही, आणि वाचणारा बिचारा रात्रभर डोकं आपटतो. कोणत्या सोयी आहेत ते विचारायला उघडलेला डिस्क्रिप्टर (कॉलनं हातात दिलेला क्रमांक) बंद करून खऱ्या कामासाठी नवा उघडायचा, हेही उदाहरणात दिसू द्या.

मॅन पेजातला एररचा भाग सकाळीच लिहायचा. दुपारी बामणोदच्या वांग्यांचं भरीत आहे, त्यानंतर ईअगेनकडे ('पुन्हा प्रयत्न कर' या एररकडे) कोणी बघणार नाही. मी स्वतः एकदा लिहून बसलो होतो की 'कॉपी', म्हणजे पानं भरून द्यायची सोय, एक तर पूर्ण होते, नाही तर होत नाही. मग चार पानं मागितली, कॉलनं ईअगेन दिला आणि 'कॉपी' या रकान्यात ८१९२ दिसले. म्हणजे ४०९६ बाइटांची दोन पानं पोचली होती, दोन राहिली होती. तोच रकाना कधी उणे एरर-कोडही देतो. म्हणून उरलेलं कुठून पुढे न्यायचं ते उदाहरणाच्या कोडमध्येच हवं. 'डोन्टवेक' (उठवू नकोस) हा फ्लॅग दिला तर झोपलेल्या थ्रेडला उठवायचं कोणी, तेही लिहा. आणि हॅण्डलर (पानं आणून देणारा आपला थ्रेड) स्वतःच नोंदवलेल्या पण न भरलेल्या पानाला शिवला तर तोही वाट बघत बसतो; ही सूचना ठळक टाका.

मॅन पेजच्या सोर्समध्ये प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर, म्हणजे पॅच (पाठवलेले बदल) वाचणाऱ्याला बदल नेमका दिसतो. तुरीच्या काड्या आणि वांगी माझ्याकडे, पुऱ्यांचं पीठ कोणी आणतंय ते कळवा.