बाळाच्या लिम्फोसाइट तपासणीची तयारी

ठाण्यात किंवा वाशी-नेरूळकडे राहणाऱ्या ज्या पालकांच्या तान्ह्या बाळाला वारंवार न्यूमोनिया होतो, तोंडातला पांढरा थर औषधाने हटत नाही आणि वजनही वाढत नाही, त्यांनी आधी साध्या सीबीसीचा (रक्तातील पेशींच्या मोजणीचा) अहवाल नीट वाचावा. एकूण पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट (संसर्गाशी लढणाऱ्या पेशींचा एक प्रकार) किती, हे टक्केवारीवरून काढावे. 6,000 पेशी आणि 20 टक्के म्हणजे 1,200. प्रौढांत हा आकडा चालून जातो, पण तान्ह्या बाळात तो 3,000च्या खाली असला तरी बालरोगतज्ज्ञांना त्याच दिवशी दाखवावा. अहवालावरची मर्यादा मोठ्या माणसांची असेल, तर ही गोष्ट सहज निसटते.

पुढची तपासणी फ्लो सायटोमेट्री. तीत टी, बी आणि एनके या लिम्फोसाइटच्या प्रकारांच्या पेशी वेगवेगळ्या मोजल्या जातात. टी पेशी जवळजवळ नसणे हे एससीआयडी या रोगप्रतिकारशक्तीच्या जन्मजात गंभीर आजाराचे लक्षण असू शकते.

मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत या आजारांच्या तपासण्या होतात. नमुना ठाणे किंवा नवी मुंबईतूनच पाठवायचा असल्यास जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीतले रक्त बर्फावर ठेवू नये, कारण पेशी जिवंत पोहोचायला हव्यात. नमुना पोहोचवण्याची वेळ प्रयोगशाळेला आधी विचारावी. निदान होईपर्यंत रोटाव्हायरस आणि तोंडी पोलिओ यांसारख्या जिवंत लसी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.