खानदेश खरीप सल्ला : रात्रीचे पाणी, केळीची सुकी पाने आणि सर्पदंश

निंदणी, केळीची पिले कापणे आणि कृषिपंपाची रात्रपाळीची वीज, सगळे पावसाळ्यात एकत्र येते. बिळांत पाणी शिरले की उंदीर बांधावर, खळ्यात येतात, मागोमाग साप. जिवावर बेतणारे मुख्य चार : नाग, मण्यार, घोणस, फुरसे. दंशानंतर सूज नाही म्हणजे विष नाही, हा समज सर्वांत महागात पडतो. कारण चौघांचे विष एकसारखे नाही.

विष म्हणजे शरीरातल्या साध्या प्रथिनांचीच बदललेली रूपे. एखाद्या जनुकाची जादा प्रत तयार होते. मूळ प्रत आपले काम करत राहते. जादा प्रतीत बदल साचत जातात आणि ती विषग्रंथीत कामाला लागते. मण्यारीच्या विषातले एक मुख्य विकर (एन्झाइम) आपल्या स्वादुपिंडातल्या स्निग्ध पदार्थ पचवणाऱ्या विकराच्या कुळातले आहे. पण ते चेतातंतूंची टोकेच निकामी करते. नागाचे विष टोके शाबूत ठेवून स्नायूंवरची संदेश घेणारी जागा अडवते, म्हणून तिथे प्रतिविषासोबत (विषावरचे इंजेक्शन) चेतातंतूंचा संदेश वाढवणाऱ्या नीओस्टिग्मिन या औषधाचा उपयोग होतो. मण्यारीत टोके नव्याने तयार व्हावी लागतात, तोवर कित्येक दिवस व्हेंटिलेटर लागू शकतो. प्रतिविष रक्तात फिरणारे विष बांधते, झालेली इजा भरून काढत नाही. घोणस आणि फुरशाची विकरे रक्त गोठवणारी प्रथिने खर्च करून टाकतात. मग हिरड्यांतून, लघवीतून रक्त येते. घोणशीत मूत्रपिंडही बंद पडू शकते. भक्ष्यही विषाला वळण देते : विंचू खाणाऱ्या फुरशाचे विष विंचवावर चांगलेच चालते.

मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश दुखत नाही, खूण धड दिसत नाही. पहाटे पोटात कळ, उलटी, मग पापण्या जड होणे. सालदार खळ्यात झोपत असेल तर त्याला खाट आणि मच्छरदाणी द्या. मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली हवी, लोंबती नको.

केळीत बुंध्याशी साचलेली सुकी पाने हाताने ओढू नका, आधी लांब काठीने उचला. घोणशीचा तपकिरी रंग आणि गोल ठिपके त्या पानांत बेमालूम मिसळतात. रात्री पाणी भरताना गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि बॅटरी दोन्ही हवे. मोबाइलच्या उजेडात पाण्याची चारी नीट दिसत नाही. स्टार्टरच्या पेटीत हात घालण्याआधी आत उजेड टाका, पडून असलेल्या पाइपांची तोंडे बोळ्याने बंद करा. पऱ्हाट्यांचा ढीग घरालगत नको. लसूण, फिनाइल शिंपडून साप थांबत नाही.

दंश झालाच, तर वेळ लिहून ठेवा. अंगठी, जोडवी, पैंजण लगेच काढा, सूज आल्यावर ती निघत नाहीत. दंश झालेला हात किंवा पाय, मोडल्यावर बांधतात तसा, फळीने स्थिर करा. रुग्णाला चालवू नका, १०८ ला फोन करा. करकचून दोरी बांधणे, चिरा देणे, चोखणे, मंत्र, सगळे टाळा. साप मारून नेण्याचीही गरज नाही. मेलेल्या सापाचे तोंडही काही वेळ चावू शकते. उपचार लक्षणांवरून होतात.

घोणस-फुरशाच्या संशयात दवाखान्यात २ मि.ली. रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटे न हलवता ठेवतात. नळी तिरकी केल्यावर रक्त वाहिले तर ते गोठत नाही आणि प्रतिविष लागते. सुरुवात साधारण ८ ते १० कुप्यांनी होते. लहान मुलालाही तेवढेच, कारण साप वय बघून विष कमी सोडत नाही.

हे प्रतिविष चारही सापांचे विष घोड्यांना टोचून करतात आणि त्यासाठीचे बरेचसे विष तमिळनाडूतल्या सापांचे असते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते, त्यामुळे तापीकाठच्या दंशाला पहिली मात्रा पुरेलच असे नाही. रक्ताची चाचणी ६ तासांनी पुन्हा होते. लक्षणे नसली तरी किमान २४ तास दवाखान्यातच थांबा. सकाळी पाणी भरायची पाळी आहे म्हणून रात्रीतून घरी आणू नका.