पऱ्हाट्यांचा कूड आणि तेलाचे डबे

जळगावच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ अंशांवर सहज जातो. घरामागची फरशी इतकी तापते की कितीही पाणी घाला, कुंडीतली मुळं भाजतातच. म्हणून तिथे बाग करताना शोभेच्या वस्तू बाजूला ठेवून आधी सावलीचं पाहिलं.

पश्चिमेला पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, कूड बांधला. कपाशी उपटली की त्या फुकट मिळतात. वाळकी बोंडं मात्र आधी तोडून जाळली, कारण गुलाबी बोंडअळी त्यांतच दडून राहते. आसपास कुणाची कपाशी असेल तर यात आळस नको. हिरव्या जाळीपेक्षा कूड मला देखणा वाटतो, आणि वारंही खेळतं.

कुंड्या म्हणजे तेलाचे १५ किलोचे रिकामे डबे. बुडाला भोकं, बाहेरून चुना, म्हणजे ऊन परततं. खाली विटा. नुसती काळी माती भिजली की चिकट, वाळली की तडकते; म्हणून निम्मी माती, बाकी वाळू आणि शेणखत. केळीच्या शेतातली टाकाऊ ठिबकची नळी डब्यांवरून फिरवली.

चिनी गुलाब, सदाफुली, बोगनवेल उन्हातच खुलतात. मोगरा कुडाच्या आडोशाला ठेवला. विकत आणलं ते चुना आणि सुतळी. रोपं शेजारच्या काकूंकडून, फांद्या लावून केलेली.