गोळ्या संपण्याआधी: परदेशातल्या लांब मुक्कामात नियमित औषधे कशी मिळवावीत

सहा महिन्यांसाठी परदेशी निघालेला माणूस आधी गोळ्या मोजतो. रोज २ म्हणजे ३६०, वर अडीअडचणीला दहा-वीस. हिशेब चोख असतो, पण ज्या देशात उतरायचे तिथल्या नियमाला तो विचारून केलेला नसतो. बऱ्याच देशांत प्रवाशाने स्वतःसाठी किती औषध आणावे याला मर्यादा आहे. शिवाय मुक्काम लांबतो, बॅग हरवते, डोस बदलतो. म्हणून सोबतचा साठा हा फक्त पूल समजा. त्याच्या पलीकडच्या टोकाला तिथला डॉक्टर हवा.

१. दीड-दोन महिने आधी: देशाचा नियम बघा

अमेरिकेत साधारणपणे ९० दिवसांपुरते औषध सोबत नेता येते. जपानमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध एका महिन्यापेक्षा जास्त न्यायचे असेल, तर 'युन्यू काकुनिनशो' नावाचे आयात-प्रमाणपत्र आधी काढावे लागते. ब्रिटनमध्ये नियंत्रित औषधांचा साठा ३ महिने किंवा त्याहून जास्त असेल, तर वैयक्तिक परवाना लागतो.

खरी काळजी घ्यायची ती नियंत्रित औषधांची: झोपेच्या आणि चिंतेवरच्या काही गोळ्या, कोडीन किंवा ट्रॅमॅडॉल असलेली वेदनाशामके, एडीएचडीवरची (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता या विकारावरची) औषधे. अंमली आणि मनोविकारी पदार्थांवरचे १९६१ आणि १९७१ चे आंतरराष्ट्रीय करार बहुतेक देशांना लागू आहेत, पण प्रत्येक देशाने आपापली कडक-सैल गाठ मारली आहे. अॅम्फेटामाइन असलेले औषध जपानमध्ये चिठ्ठी असली तरी नेता येत नाही. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल, तर तीही नाही. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर अशा औषधांसाठी आधी ऑनलाइन परवानगी मागतात. व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय अंमली पदार्थ नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर प्रवाशांसाठीचे नियम देशवार दिलेले असतात. तिथून सुरुवात करा आणि मग त्या देशाच्या दूतावासाकडून खात्री करून घ्या. विमान बदलायला मध्ये जिथे उतरणार, त्या देशाचेही बघा. हे हमखास विसरते.

२. चिठ्ठी नव्याने लिहून घ्या

या सगळ्या खटाटोपात सर्वांत कामाची वस्तू कोणती विचाराल, तर नीट लिहिलेला एक कागद. ब्रँडची नावे देश ओलांडली की निरुपयोगी होतात, कधी घातकही ठरतात. 'फ्लोमॅक्स' हे अमेरिकेत प्रोस्टेटच्या त्रासावरचे औषध आहे आणि इटलीत त्याच नावाने सूज-वेदनेवरचे औषध विकले गेले आहे. अमेरिकेत 'डिलाकोर' नावाने डिल्टियाझेम मिळायचे, सर्बियात त्याच नावाने डिगॉक्सिन. दोन्ही हृदयाशी संबंधित, म्हणूनच गोंधळ अधिक धोक्याचा.

यावर उतारा म्हणजे जेनेरिक, अर्थात मूळ घटकाचे नाव. जागतिक आरोग्य संघटनेने अशा नावांची पहिली यादी १९५३ साली काढली, आणि ती नावे जगभरचे फार्मासिस्ट ओळखतात. नावाच्या शेपटीवरून घराणेसुद्धा कळते: 'सार्टन' आणि 'प्रिल' रक्तदाबाचे, 'स्टॅटिन' कोलेस्टेरॉलचे, 'प्राझोल' आम्लपित्ताचे. थोडे अपवाद लक्षात ठेवा. पॅरासिटामॉलला अमेरिकेत अॅसिटामिनोफेन म्हणतात, दम्याच्या पंपातल्या साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल आणि मधुमेहाच्या ग्लिबेनक्लामाइडला ग्लायब्युराइड.

डॉक्टरांकडून इंग्रजीत टाइप केलेले पत्र घ्या. पासपोर्टवर आहे तसे नाव, आजार, प्रत्येक औषधाचे जेनेरिक नाव, मात्रा, दिवसातून किती वेळा, कधीपासून चालू आहे आणि कशाची अॅलर्जी आहे, एवढे त्यात हवेच. मात्रेचे एकक पूर्ण लिहायला सांगा. थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते आणि तिथे मिलिग्रॅम वाचले गेले तर मात्रा हजारपट होते. एकाच गोळीत दोन-तीन घटक असतील तर प्रत्येकाची मात्रा वेगळी लिहून घ्या, कारण नेमके तेच मिश्रण तिथे नसण्याची शक्यता मोठी, आणि मग घटक सुटे घ्यावे लागतात. तुमचे औषध त्या देशात मिळतच नसेल, तर पर्याय निघण्याआधीच सुरू करून दोन-तीन आठवडे बघणे शहाणपणाचे. ताप-वेदनेवरच्या मेटामिझोलचेच घ्या: जर्मनीत चिठ्ठीवर मिळते, अमेरिकेच्या बाजारातून ते १९७७ मध्येच काढले गेले.

अलीकडचे रक्ताचे रिपोर्ट, ईसीजी, डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती सोबत घ्या. काही देशांत रक्तातली साखर मिलिमोलमध्ये मोजतात. आपल्याकडच्या मिलिग्रॅम आकड्याला १८ ने भागले की ती मिळते. १२६ चे ७ झाले म्हणून हुरळून जाऊ नका.

३. बॅग भरताना

औषधे हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, पत्र आणि बिलासह. जागा वाचवायला गोळ्या डबीत ओतून नेणारे भेटतात. तपासनीसाला त्या डबीतले काय कळणार? इन्सुलिन विमानाच्या पोटात जाणाऱ्या चेक-इन बॅगेत कधीच टाकू नका, तिथे ते गोठू शकते, आणि गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही वापरायचे नसते.

४. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात

बहुतेक जण इथे चुकतात. साठा भरपूर असतो, जेट लॅग असतो, नातवंडे असतात. डॉक्टर कोणाला आठवतो! पण अनेक देशांत आधी फॅमिली डॉक्टरकडे नोंदणी, मग भेटीची तारीख, आणि तज्ज्ञ हवा असेल तर त्याच डॉक्टरची शिफारस, असा क्रम असतो. यात आठवडे जातात. तुमच्या देशातली चिठ्ठी तिथला फार्मासिस्ट सहसा स्वीकारत नाही. युरोपीय संघातल्या एका देशाची चिठ्ठी संघातल्या दुसऱ्या देशात चालते, बाहेरच्यांना ती सवलत नाही. घरच्या डॉक्टरांनी व्हिडिओवर पाहून पाठवलेल्या चिठ्ठीचेही तेच. रुग्ण जिथे बसला आहे तिथला परवाना साधारणपणे डॉक्टरकडे असावा लागतो.

म्हणून पहिल्या आठवड्यातच भेट ठरवा. नोंदणी होत नसेल, तर पैसे भरून वेळ न घेता दाखवता येणारे क्लिनिक किंवा स्थानिक ऑनलाइन डॉक्टर बघा. डॉक्टर पुन्हा रक्त तपासायला सांगेल, एखादी गोळी बदलेलही. तो अविश्वास नाही, सही त्याची असते. नियंत्रित औषध पहिल्याच भेटीत मिळेल असे मात्र धरू नका. भेट संपण्याआधी 'ही चिठ्ठी किती वेळा चालेल?' हे विचाराच. खर्चाचे सांगायचे तर, प्रवास विमा सहसा अचानक आलेल्या आजारपणासाठी असतो, जुन्या आजाराच्या रोजच्या गोळ्यांसाठी नाही. पॉलिसीतला 'आधीचे आजार' हा भाग घरीच वाचा.

५. फार्मसीच्या काउंटरवर

गोळीचा रंग, आकार, पाकीट सगळे वेगळे असेल. घटक आणि मात्रा जुळली की बहुतेक औषधांत काळजी नाही. फेनिटॉइन, लिथियम, वॉरफरिन, लेव्होथायरॉक्सिन अशा, मात्रा जरा चुकली तरी त्रास देणाऱ्या काटेकोर औषधांत मात्र कंपनी बदलल्यावर तपासणी कधी करायची हे डॉक्टरांना विचारा.

इन्सुलिनच्या बाबतीत सर्वांत जास्त सांभाळा. काही ठिकाणी अजून यू-४० च्या बाटल्या मिळतात, म्हणजे एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट. बहुतेक जगात यू-१००. यू-४० ची सिरिंज घेऊन यू-१०० चे इन्सुलिन नेहमीच्या खुणेपर्यंत ओढले, तर डोस अडीचपट जातो आणि साखर धोकादायकरीत्या खाली येते. तिथले इन्सुलिन घेतले की सिरिंजही तिथलीच घ्या.

६. साठा संपतच आला तर

अर्धी-अर्धी गोळी करून दिवस ढकलू नका. फिटची औषधे, स्टेरॉइड, हृदयाचे ठोके कमी करणारी 'ओलॉल' घराण्यातली औषधे एकाएकी थांबवणे जिवावर बेतू शकते. फार्मासिस्टकडे जा, काही देशांत त्याला थोड्या दिवसांचे तातडीचे औषध देण्याची मुभा असते. तसे नसेल तर तातडीचे क्लिनिक.

घरून पार्सल मागवणे सोपे वाटते, पण व्यक्तीच्या नावाने टपालाने आलेली औषधे अनेक देश कस्टममध्येच अडवतात; अमेरिकेत बहुतेक वेळा ती बेकायदाच ठरतात. चिठ्ठी न मागता काहीही पाठवणारी ऑनलाइन दुकाने तर टाळाच. पाकिटात नक्की काय आहे हे तुम्हाला कळायला मार्ग नसतो.

७. परतल्यावर

तिथून आणलेली उरलेली पाकिटे आणि घरच्या कपाटातली जुनी पाकिटे एकत्र काढून डॉक्टरांपुढे ठेवा. एकच औषध दोन नावांनी घरात असते, आणि दोन्ही 'बीपीच्या गोळ्या' म्हणून सकाळ-संध्याकाळ घेतल्या जातात.