इंदूरला गाईडबरोबर राजवाडा-सराफा फिरायचं असेल तर हे आधी वाचा

डिसेंबर आला की पुण्या-ठाण्याच्या नातेवाईकांचे फोन सुरू होतात, अगं आम्ही महाकालला उज्जैनला येतोय, एक रात्र इंदूरला आहोत, तो सराफा दाखव ना. मी रामबागेत वाढलेली, लग्नानंतरही इंदूरातच, त्यामुळे सराफा म्हणजे रात्री जेवणं झाली की बाबांच्या स्कूटरवर मागे बसून काहीतरी खायला जायची जागा, त्यात दाखवण्यासारखं वेगळं काय असणार असं मला वाटायचं. मग एकदा आत्या आणि तिच्याकडचे मिळून सहाजण आले, मला ऑफिसमुळे सगळं जमवणं शक्य नव्हतं, म्हणून एक गाईडवाला वॉक बुक केला आणि शेवटी मीही बरोबर गेले. ज्या गल्लीतून जन्मभर गेले तिथल्या कितीतरी गोष्टी मला त्या दिवशी कळल्या. त्यानंतर पाहुण्यांच्या निमित्ताने पाचसहा वेळा वेगवेगळ्या गाईडबरोबर फिरलेय, चांगला-वाईट दोन्ही अनुभव घेतलाय, आणि आता जो विचारेल त्याला सांगते की वॉक जरूर घ्या पण दुपारी उजेडात सुरू होणारा घ्या, फक्त रात्रीचा खाण्याचा घेऊ नका.

कारण सांगते. सराफा होळकरांच्या जुन्या राजवाड्याला लागूनच आहे आणि दिवसा तो खरोखरचा सराफा असतो, सोन्याचांदीच्या पेढ्या, पांढऱ्या गाद्या, काचेच्या पेटीतला तराजू, आत बसून चष्मा कपाळावर चढवून हिशोब लिहिणारे शेठ. रात्री आठ-नऊच्या सुमारास शटर खाली येतात आणि त्याच ओट्यांवर, त्याच पायऱ्यांपुढे तवे, कढया, परातींची मांडामांड सुरू होते, मग रात्री एक-दोनपर्यंत खाणंच खाणं. रात्री दुकानं सुनी राहू नयेत, वर्दळ असली की चोरीची भीती नाही म्हणून सराफांनीच खाण्याच्या गाड्यांना जागा दिली असं इथले जुने लोक सांगतात. आता हे ऐकायला छान वाटतं, पण तुम्ही संध्याकाळी पाचला ती पेढी उघडी बघितली असेल आणि रात्री साडेनऊला तिच्याच पायरीवर उभं राहून भुट्ट्याचा कीस खात असाल तर ते अंगावर येतं. म्हणून गाईडला बुकिंगच्या वेळीच विचारायचं, सराफ्यातून दोनदा नेणार का, एकदा दिवसा आणि एकदा रात्री. जो म्हणेल दिवसा तिथे काय ठेवलंय, तो सोडून द्या.

बुकिंग हल्ली व्हॉट्सॲपवरच होतं. पैसे पाठवायच्या आधी विचारून घ्यायच्या गोष्टी म्हणजे ग्रुपमध्ये किती माणसं (आठ-दहाच्या वर असतील तर मागच्याला काही ऐकू येत नाही, गर्दीत गाईड शोधण्यातच वेळ जातो), खाण्याचे पैसे धरलेत की वेगळे, राजवाड्याचं तिकीट कोणाकडे, गाईडला मराठी येतं का. शेवटचं मुद्दाम विचारा, इंदूरात मराठी बोलणारे भरपूर आहेत, आणि आईवडील बरोबर असतील तर होळकरांची गोष्ट मराठीत ऐकताना त्यांचा चेहरा बघा एकदा.

अजून एक, मी फोनवर गाईडला सहज विचारल्यासारखं विचारते, अहिल्याबाई ह्याच राजवाड्यातून कारभार करायच्या का हो? जो पटकन हो म्हणतो त्याचा अभ्यास कच्चा आहे. अहिल्याबाईंनी 1767 ते 1795 राज्य केलं ते महेश्वरहून, नर्मदेच्या काठावरून. इंदूर होळकरांची राजधानी झालं ते 1818 मध्ये, मंदसौरचा तह झाल्यावर. राजवाड्यासमोरच्या बागेत अहिल्याबाईंचा पुतळा आहे त्यामुळे सगळ्यांचाच गैरसमज होतो, माझाही होता, शाळेत असताना मी तसंच धरून चालले होते. चांगला गाईड हा फरक न विचारता पुतळ्यापाशीच सांगतो.

दुपारी चारला राजवाड्यासमोर भेटणं सगळ्यात बरं. संध्याकाळी आतली एन्ट्री लवकर बंद होते, पाचच्या आसपास, त्यामुळे सहाला भेटू म्हणणाऱ्या वॉकमध्ये तुम्ही फक्त बाहेरून फोटो काढणार हे धरून चाला. आणि गाडी आणूच नका. त्या भागात पार्किंग शोधण्यात अर्धा तास जातो, ऑटो किंवा ई-रिक्षाने या. आत शिरायच्या आधी बागेत उभं राहून दरवाजाकडे नीट बघा, सात मजले आहेत, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी, दगड संपून लाकूड कुठे सुरू होतं ती रेघ उन्हात स्पष्ट दिसते. राजवाडा तीनदा जळालाय, शेवटची आग 1984 च्या दंगलीत, नंतर मागचा भाग पुन्हा जुन्या पद्धतीने बांधून काढला. माझी आई अजून सांगते की दूरवरून धूर दिसत होता आणि आजोबा गच्चीवर जाऊन नुसते उभे होते, कोणाशी बोलले नाहीत. आत मल्हारी मार्तंडाचं मंदिर आहे, म्हणजे आपला खंडोबा, होळकरांचं कुलदैवत. जेजुरी ज्यांचं दैवत त्या घरातल्या पाहुण्यांना मी इथे आवर्जून थांबवते.

तिथून पायी जवळच गोपाळ मंदिर, मग कान्ह नदीच्या काठच्या कृष्णपुरा छत्र्या, म्हणजे होळकर घराण्यातल्यांची स्मारकं. छत्र्यांचं दगडी काम फार सुरेख आहे, संध्याकाळच्या उन्हात बघायचं. इतवारिया बाजारातलं काच मंदिर वेळ असेल तर घ्या, शेठ हुकुमचंदांनी बांधलेलं जैन मंदिर, भिंती खांब छत जमीन सगळं काचेचं, मुलांना तर फारच आवडतं. पण ते संध्याकाळी बंद होतं म्हणून ते छत्र्यांच्या आधी. गांधी हॉल थोडा लांब आहे, घड्याळाच्या टॉवरवाली 1904 ची बिल्डिंग, आधी किंग एडवर्ड हॉल होतं, 1948 ला नाव बदललं. पायी वॉकमध्ये तो कोंबला की पाय दुखून सराफ्याची मजा जाते, मी तर दुसऱ्या दिवसासाठी ठेवते.

आता पायांचाच विषय निघाला तर आमची चूक सांगते. त्या पहिल्या वॉकला आत्या बरोबर होती, तिचं गुडघ्याचं दुखणं आम्हाला माहीत होतं पण गाईडला सांगायचं कोणाला सुचलं नाही. सराफ्यात बसायला खुर्च्या-टेबलं जवळपास नाहीतच, उभ्यानेच खायचं असतं, आणि तासाभराने तिचा चेहरा उतरला. ती काही बोलेना. शेवटी एका बंद पेढीच्या पायरीवर टेकली, तेवढ्यात शेजारच्या मालपुव्याच्या गाडीवरचा मुलगा धावत आला, प्लास्टिकचं स्टूल पुसून तिच्यापुढे ठेवलं, म्हणाला, माताजी इसपे बैठो, पत्थर ठंडा है. आत्याला ते स्टूल अजून आठवतं, मालपुवा नाही. तर घरात कोणी वयस्कर असेल, कोणाला शुगर असेल, कोणाला शेंगदाणा किंवा दुधाचा त्रास असेल, हे आदल्या दिवशीच गाईडला मेसेज करून ठेवा, चांगला गाईड बसायच्या जागा आधीच हेरून ठेवतो आणि मध्ये ब्रेक घेतो.

छत्र्यांपासून सराफा रंगायला लागेपर्यंत जो मधला वेळ असतो त्यात काही खाऊ नका. खरंच नका. चहा घ्या फार तर. दुपारचं जेवणही हलकं ठेवा, वरणभात आणि बस.

आणि मग सराफा. इथे सगळं शाकाहारी मिळतं, जैन पण मागितलं तर बऱ्याच ठिकाणी करून देतात. सगळ्यात मोठी चूक लोक पहिल्या वीस मिनिटांत करतात, शिरल्या शिरल्या तो भला मोठा जलेबा दिसतो, पाव किलोच्या वर वजनाचा एक, आणि प्रत्येकाला आपला वेगळा हवा असतो, मग पुढे पोटात जागाच राहत नाही. आमचा हिशोब असा की सहा माणसांत एका ठिकाणी दोनच प्लेट, प्रत्येकाला दोन-तीन घास, तोंडाला चव राहिली पाहिजे आणि पाय पुढे गेले पाहिजेत. गाईड जर प्रत्येकाला आख्खी प्लेट देत सुटला तर त्याला सांगा, वाईट वाटून घेत नाहीत ते.

सुरुवात भुट्ट्याच्या कीसाने करावी. कोवळं मक्याचं कणीस किसून तुपात परततात, मोहरी-हिंग-हिरव्या मिरचीची फोडणी, दूध घालून मऊ शिजवतात, वरून ओलं खोबरं आणि कोथिंबीर. पावसाळ्यात याल तर कणसं ताजी असतात, कीस तेव्हाच सगळ्यात गोड लागतो. मग खोपरा पॅटिस, बाहेर बटाटा, आत खोबऱ्याचं सारण, गरमच खायचं, गार झालं की तेल वर येतं. मग जोशींचा दहीवडा, ह्यासाठी थोडं थांबावं लागलं तरी थांबा. दही घातलेला दोना, म्हणजे आपला द्रोण, वर हवेत उडवतात आणि झेलतात, थेंब सांडत नाही, पण मला त्यापेक्षा जास्त आवडतं ते पुढचं, बोटांच्या एकाच चिमटीत वेगवेगळे मसाले घेतलेले असतात आणि दह्यावर ते एकेक करून पडतात, आधी एक रंग, मग दुसरा, एकमेकांत मिसळत नाहीत. व्हिडिओ काढा, पण एकदा मोबाईल खाली ठेवून त्या बोटांकडे नुसत्या डोळ्यांनी बघा.

थंडीत याल तर गराडू सोडू नका. कंदच आहे तो, तळून ठेवलेले तुकडे मागितल्यावर पुन्हा कढईत सोडतात, वर मसाला आणि लिंबू, बाहेरून कुरकुरीत आतून पिठूळ. उन्हाळ्यात तो मिळत नाही, आणि मे महिन्यात हा वॉक घेऊच नये असं माझं मत आहे, चारला उन्हात राजवाड्यासमोर उभं राहवत नाही. साबुदाणा खिचडी इथली वेगळी, आपल्यासारखी शेंगदाण्याच्या कुटात परतलेली नसते, वाफवलेला मोकळा साबुदाणा, त्यावर फराळी मिक्श्चर, लिंबू, मसाला समोर मिसळून देतात. पुण्याची मंडळी आधी नाक मुरडतात, मग दुसरी प्लेट मागतात, हे मी तीनदा बघितलंय. जलेबा, मालपुवा, रबडी ह्यातलं एकच निवडा. शेवटी शिकंजी, आणि लिंबूपाणी समजून मागवू नका, इंदूरची शिकंजी दुधाची असते, घट्ट, केशर-वेलची-सुकामेवा घातलेली, एक ग्लास तिघांत.

एका गाईडने मात्र आम्हाला दोनच दुकानांवर उभं केलं, बाकी काही मागितलं की तिथलं चांगलं नाही म्हणायचा, नंतर कळलं की त्याचं तिथे ठरलेलं होतं. नाव घेत नाही. पण तेव्हापासून मी बुकिंगच्या आधी थांबे किती आणि कुठले ते लिहून मागते, सहा-सात तरी असावेत, आणि एखादा आपल्या आवडीचा बदलून मिळेल का तेही विचारते.

रंगपंचमीला आणि अनंत चतुर्दशीला वॉक बुक करू नका. रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक निघते, लाखोंनी माणसं असतात, आणि अनंत चतुर्दशीला रात्रभर झाँक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ. दोन्ही बघण्यासारखंच आहे, पण ते वेगळं येऊन बघा, गाईडच्या मागे लाईनीत चालणं त्या दिवशी शक्य नाही.

बारीकसारीक सांगायचं तर सुट्टे पैसे ठेवा, यूपीआय सगळीकडे चालतं पण रात्री गर्दीत नेटवर्क अडकतं. मंदिरात चप्पल काढावी लागते म्हणून पटकन निघणारे पण पुढून बंद बूट घाला, रस्त्यावर कुठे गरम तेल उडेल सांगता येत नाही. टॉयलेट राजवाड्याजवळच उरकून घ्या. आणि दोना-चमचा कचऱ्याच्या डब्यातच, ओला वेगळा सुका वेगळा, 2017 ला स्वच्छतेत पहिला नंबर आला तेव्हापासून इथल्या माणसाला त्याचा फार अभिमान आहे, तुम्ही खाली टाकलंत तर अनोळखी माणूस येऊन उचलायला लावेल, आणि बरोबरच करेल.

छप्पन दुकान, म्हणजे इथली दुसरी खाऊगल्ली, पण एकाच वॉकमध्ये दाखवतो असं कोणी म्हणालं तर विचार करा, ते न्यू पलासियाला आहे, तिकडे ऑटोनेच जावं लागतं आणि मग दोन्हीकडे घाई होते. ते दुसऱ्या दिवशी स्वतःचं स्वतः करा, तिथे गाईड लागत नाही. सकाळी मात्र उठून पोहे-जलेबी खायला बाहेर पडाच, आठच्या आत. वाफेवर ठेवलेले मऊ पोहे, त्यात बडीशेप, वर सेव, कांदा, जीरावन मसाला, लिंबू, आणि शेजारी गरम जलेबी. कुठल्या कोपऱ्यावरचे खायचे ते रात्रीच गाईडला निघताना विचारून ठेवा, तो स्वतः सकाळी जिथे खातो तेच नाव घ्यायला सांगा.