वसई किल्ला पाहायला जाताय? या चुका टाळा

"वसईच्या किल्ल्यात काही नाही हो, नुसत्या पडक्या भिंती," असं कुणी म्हणालं की मी एवढंच विचारतो, गाडीतून उतरला होतात का? बहुतेकांचं उत्तर गुळमुळीत असतं.

वसई गावातून किल्लाबंदराकडे जाणारा डांबरी रस्ता तटाच्या आतूनच जातो. लोक बाइकवर येतात, वसई जिंकणाऱ्या चिमाजी अप्पांच्या पुतळ्यापाशी फोटो काढतात, बालेकिल्ल्याच्या दारात आणखी दोन काढतात आणि बंदरावर जाऊन परत फिरतात. वसई "करून" झाली! ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, कारण माणसं डोंगरी किल्ल्याची अपेक्षा घेऊन येतात आणि समोर असतं ते एक अख्खं शहर.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढची दोनशे वर्षं उत्तर फिरंगाणाचा, म्हणजे पोर्तुगीजांच्या उत्तरेकडच्या मुलखाचा कारभार इथून चालला. बालेकिल्ला आधीचा, नंतर त्याच्याभोवती वस्ती वाढली आणि त्या सगळ्या वस्तीला तट घातला गेला. शंभर एकरांहून मोठ्या या आवारात जेझुइट, फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा प्रत्येक पंथाची चर्चं आणि मठ होते. शिवाय घरं, रस्ते, विहिरी. हे शहर सीटवर बसून दिसणार नाही.

माझा रिवाज ठरलेला आहे. रिक्षा थेट किल्लाबंदराच्या टोकाला सोडायची आणि सागर दरवाज्यातून आत शिरायचं. पोर्तुगीज समुद्रातून आले, त्यांचं शहर समुद्राकडूनच उलगडत जातं. मग सेंट जोसेफ चर्च. त्याच्या दर्शनी भिंतीवरच्या शिलालेखात १६०१ हे साल आहे. तिथून फ्रान्सिस्कनांचं चर्च. या चर्चची जमीन थडग्यांच्या दगडांनी भरलेली आहे, तेव्हा पाय जपून टाका आणि खाली वाकून बघा. पोर्तुगीज येत नसली तरी सालं वाचता येतात, काही दगडांवरची घराण्यांची चिन्हंही दिसतात. बालेकिल्ला शेवटी. एवढ्याला अर्धा दिवस लागतो आणि तो द्यायचाच. "तासाभरात मेन मेन पॉइंट सांगा" म्हणणाऱ्यांना मी काही सांगत नाही.

पुतळ्यासमोर "जय" म्हणणाऱ्यांपैकी फार थोडे उत्तरेच्या, जमिनीकडच्या तटाकडे वळतात, याचंही वाईट वाटतं. वसईची लढाई त्या बाजूने झाली. १७३९ च्या मे महिन्यात मराठ्यांनी तिथे सुरुंग लावून सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पाडलं. काही सुरुंग वेळेवर उडाले नाहीत, उशिरा उडाले तेव्हा आपलीच माणसं त्यात गेली. भुई दरवाज्याच्या बाहेर जाऊन त्या तटाची उंची एकदा खालून बघा, मग फोटो काढा.

दुसरी मोठी चूक म्हणजे अर्नाळ्याचा बेटावरचा किल्ला, सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप आणि वसई किल्ला एकाच रविवारात कोंबणं, आणि तेही भरती-ओहोटी न बघता.

काही वर्षांपूर्वी माझ्या ओळखीचं एक कुटुंब असंच निघालं होतं. बरोबर सत्तरी ओलांडलेल्या आजी. आधी अर्नाळा, मग संध्याकाळच्या उन्हात वसई किल्ल्यात फोटो, असा त्यांचा बेत. दिवस पौर्णिमेचा. बाराच्या सुमाराला भरती टेपेला होती, त्यामुळे जाताना होडी काठाजवळ लागली आणि आजी हात धरून सहज चढल्या. नाखव्याने सांगितलं होतं, "तीनच्या आत फिरा, मागून पाणी जाईल." पण बेटावर किल्ला झाला, मंदिर झालं, डबे सुटले, मुलं वाळूत रमली. परत किनाऱ्यावर आले तेव्हा पाच वाजून गेले होते आणि होडी लांब पाण्यात उभी होती. मधे नुसता चिखल. आजींना दोन कोळी पोरांनी उचलून नेलं. एकाचा मोबाईल आणि गाडीची किल्ली पाण्यात गेली. वसईला पोचले तेव्हा अंधार पडला होता आणि किल्ल्यातून लोकांना बाहेर काढत होते.

हे टाळायला अॅप लागत नाही, कालनिर्णय पुरतं. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. पौर्णिमा किंवा अमावस्या म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारच्या आसपास भरती आणि संध्याकाळी पाचसहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. अष्टमीला उलट, सहाच्या सुमाराला भरती आणि भर दुपारी ओहोटी. त्यातही पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं, पाणी जितकं चढतं तितकंच खोल उतरतं. अष्टमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, त्यामुळे म्हातारी माणसं बरोबर असतील तर मी भांगाचे दिवस निवडतो. आणि नाखवा जी वेळ सांगेल ती शेवटची. त्याच्याशी घासाघीस पैशांची करा, वेळेची नको.

सोपाऱ्याला सांचीसारखा स्तूप डोळ्यांपुढे ठेवून जाऊ नका. स्तूपाची जागा म्हणजे बुरूड राजाचा कोट, तिथे आज विटांचा ढिगारा आणि थोडं बांधकाम दिसतं. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथे उत्खनन केलं आणि स्तूपाच्या पोटातून अस्थिपात्र आणि बुद्धाच्या आठ कांस्यमूर्ती निघाल्या. सोपाऱ्याचा अशोकाचा शिलालेख मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तो आधी बघून या, मग नालासोपाऱ्याच्या गर्दीतली ती शांत टेकडी काय आहे ते कळेल.

पोर्तुगीज चर्चच्या घंटा वसईत शोधत फिरू नका. मराठ्यांच्या विजयानंतर त्या देवळांत गेल्या: नाशिकचं नारोशंकराचं देऊळ, भीमाशंकर, मेणवली.

"वसईचा तह" म्हणून १५३४ आणि १८०२ ची सरमिसळ करू नका. पहिल्याने वसई पोर्तुगीजांकडे गेली, दुसरा तह दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केला.

पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर झाडोऱ्यात घुसू नका. गवताखाली उघड्या विहिरी आहेत, सापही आहेत. चप्पल नको, बूट घाला.

पाणी वसई गावातूनच भरून घ्या.

किल्ल्यातलं नागेश्वराचं आणि वज्रेश्वरीचं देऊळ नांदतं आहे. गोन्सालो गार्सियांच्या नावाने ओळखलं जाणारं चर्चही तसंच. वसईत जन्मलेला हा माणूस १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेला आणि १८६२ मध्ये संत झाला. त्यांच्या वेदीसमोर प्री-वेडिंगच्या पोझ देऊ नका. भिंतीवर नावं कोरणाऱ्यांशी मी भांडतो, तुम्हीही भांडा.

किल्लाबंदर आणि पाचूबंदर या कोळीवाड्यांत वलांड्यांवर, म्हणजे बांबूच्या मांडवांवर, बोंबील वाळत असतात. नाकाला रुमाल लावून त्यांच्यामधून चालू नका, ते त्या लोकांचं अंगण आहे. विचारलंत तर सुके बोंबील विकत मिळतात. वसईची सुकेळी दिसली तर मात्र लगेच घ्या, राजेळी केळ्यांची ही सुकवण मुंबईच्या बाजारात सहसा दिसत नाही.

तुंगारेश्वर आणि वज्रेश्वरी-गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं पूर्वेला आहेत, किल्ला पश्चिमेला. ती दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. चिमाजी अप्पांनी नवस केला ती वज्रेश्वरी ही पूर्वेकडची, किल्ल्यातली नव्हे, त्यामुळे किल्ला आधी आणि देवी नंतर, असा क्रम मला बरा वाटतो.